पाण्याखालची बैठक

लक्ष्मीकांत कारकुनाचा कुणावर विश्वास बसेल तर शपथ! नागपूरहून सरकारी हुकूम आला तरी हा गृहस्थ तो उजेडात धरून, उलटापालटा करून बघायचा. तेव्हा जळगाव जामोदातलं आपलं घर नवी कौलं घालून शाकारायचं ठरलं, तसं त्यानं जाहीरच करून टाकलं, "कवेलू मी आणणार, बांबू मी आणणार. ठेकेदारानं नुसता हात चालवायचा."

माल कोण आणतो याच्याशी त्याच्या बायकोला, वासंतीला, काही देणंघेणं नव्हतं. तिला मागची खोली कोरडी पाहिजे होती. लेक शारदा पहिल्या बाळंतपणाला येणार होती, आणि गेल्या पावसाळ्यात त्या खोलीत खाट टाकायला कोरडी जागा सापडली नव्हती. ओलीत बाळंतीण निजवायची?

पण ठेकेदार मिळेल तर ना! माल मालकाचा म्हटलं की जो तो लांबूनच हात जोडी. उद्या छप्पर गळलं तर मालक म्हणणार हात कच्चा, आपण म्हणणार माल कच्चा. कोण भांडत बसतो? शेवटी वाहेद आला. दांडगा माणूस, आवाज त्याहून दांडगा. ओट्यावर बसून त्यानं सरळ अट घातली.

"माल तुमचा, हात माहा. काम झालं की खोलीत आपण दोघं शेजारी बसू. माहा भाऊ खुर्शीद वरून पाणी वतन. हात कच्चा असन तर पाणी माह्या अंगावर येईन, माल कच्चा असन तर तुमच्या. बोला बाबूसाहेब, कबूल?"

"कबूल!" लक्ष्मीकांत म्हणाला. त्याला आवडलंच ते.

वासंती दारातून पुढे आली. "अन् पाण्याले कसं समजते हो वाहेदभाई, कोणाच्या अंगावर पडायचं ते?"

"समजते बाई. आमच्या अब्बाच्या वक्तापासून समजून राह्यलं," वाहेद हसून म्हणाला आणि निघून गेला.

झालं! वासंतीच्या डोक्यात भुंगा शिरला. विहिरीवर विचारून झालं, शेजारच्या विमलबाईला विचारून झालं. विमलबाई म्हणाली, मंतर असेल काहीतरी. मंतर टाकणारा माणूस एवढा खदाखदा कशाला हसेल? वासंतीला काही ते पटेना.

मालाची पहिली गाडी कुंभारवाड्यातून आली. दुसरी आली ती बऱ्याच दिवसांनी, दिवेलागणीला. लक्ष्मीकांतानं ती स्वतः उतरवली, कुणाला हात लावू दिला नाही. कवेलू मात्र पाहून घ्यावेत असे, लालभडक! त्याच आठवड्यात तुळशीवृंदावन सारवायला वासंतीनं गेरूचं मडकं काढलं, तर ते रिकामं.

"उंदरानं सांडवलं असन," नवरा म्हणाला.

"अन् तुमच्या नखात काय आहे, उंदीर?"

तो टोपी चढवून कचेरीत निघून गेला.

काम संपत आलं तशी गंमतच सुरू झाली. पाण्याखाली बसायचं नाव काढलं की लक्ष्मीकांताला सर्दी व्हायची, नाहीतर साहेबांचं बोलावणं यायचं. एक दिवस तर म्हणाला, "पाणीबिणी काऊन पाह्यजे? माझा विश्वास आहे वाहेदवर." विश्वास! वासंतीच्या हातातली पळी थांबली. उभ्या संसारात हा शब्द तिनं त्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

ठरल्या दिवशी वाहेद खोलीत मांडी घालून बसला. लक्ष्मीकांत दाराशी उभा, चौकट धरून. आत यायला तयार नाही.

"मंग मीच बसते," वासंती म्हणाली. "माल घरचाच आहे न?" बाळासाठी शिवलेलं पांढरं दुपटं तिनं मांडीवर घेतलं आणि शारदाची खाट जिथं पडणार होती नेमकी तिथं बसली.

"वत रे खुर्शीद!"

वर घागरी रित्या झाल्या. पन्हाळीतून पाणी धो धो वाहिलं. खोलीत काही नाही. वासंतीला हुश्श म्हणायचं होतं, तेवढ्यात तिच्या कपाळावर थेंब आला आणि ओघळून दुपट्यावर पडला. लाल! मग दुसरा, मग तिसरा. पांढऱ्या दुपट्यावर ते लाल ठिपके पाहून ती किंचाळली. "अगं आई गं! रक्त! माझी शारदा!"

"गेरू आहे तो!" लक्ष्मीकांत ओरडत आत धावला. "गेरू आहे वासंती, भिऊ नको!"

आणि मग भडाभडा सगळं बाहेर आलं. कुंभाराची भट्टी लांबली होती. यानं तर अख्ख्या कचेरीत फुशारकी मारून ठेवलेली, येत्या बाजाराला माल दारात! रिकामी गाडी घेऊन घरी कसं यायचं? मग गावाबाहेरच्या पडक्या गोदामाचे जुने कवेलू उचलले, वाटेत थांबून त्यांना घरून लपवून नेलेला गेरू फासला. जुनं ते टणकच असणार, अशी मनाची समजूत घातली.

वाहेद उठून उभा राहिला. "माहे हात लाल झाले तवा वाटलं, नव्या भट्टीची धूळ असन. बाबूसाहेब, माह्या हातचं घर गळून राह्यलं म्हणून बोंब झाली असती न गावात! मले कोण्या तोंडानं काम मागा लागलं असतं?"

लक्ष्मीकांतानं हात जोडले. वासंतीला उठवून तो तिच्या जागी बसला आणि वर पाहून म्हणाला, "खुर्शीद, वत पाणी. कुठं कुठं गळते ते मी सांगतो." धोतर लाल होईपर्यंत तो बोट दाखवत राहिला, आणि वाहेद खालून बांबूनं कवेलू ठोकून खुणा करत राहिला.

वाहेद शिडीवर चढायला लागला, तसं वासंतीनं त्याला गाठलंच. "माल यांचा, अन् पाणी पडलं माझ्यावर. मंग पाण्याले काय समजलं?"

"पाण्याले काय समजते बाई?" वाहेद म्हणाला. "दाराशी उभा होता, त्याले समजलं न."

नवे कवेलू वाहेद आणि लक्ष्मीकांत दोघं मिळून घेऊन आले. पुन्हा पाणी ओतलं, या वेळी दोघं शेजारी बसले. खोली ठणठणीत कोरडी.

शारदा आली, खाटेवर टेकली आणि घडी घातलेलं दुपटं उलगडून पाहू लागली. "आई, हे डाग कायचे वं?"

वासंतीनं तोंड उघडलं, पण ओट्यावरून आवाज आला, "थांब, मी सांगतो." लक्ष्मीकांत आत आला आणि लेकीच्या पायाशी जमिनीवर बसला.