घट्ट आधी, पातळ मग

चपलांच्या सोलचं प्लास्टिक मळायचं मशीन इतकी वर्षं सासूच्या हाताखाली होतं. हल्ली मात्र काही विचारायचं झालं की मुलगा बायकोकडे बघायचा, आणि सासूचा नुसता जळफळाट व्हायचा.

"आई, आधी घट्ट प्लास्टिकचे दाणे पूर्ण वितळू द्यायचे," सून म्हणाली. "वितळून पातळ होणारे दाणे मग थोडे थोडे घालायचे. एकदम ओतलं तर घट्टाचे दाणे त्यात घसरत राहतात, मळलेच जात नाहीत."

"हो गं बाई. आम्ही आजवर इथे माश्याच मारल्या."

सून फोन घ्यायला बाहेर गेली. घट्ट दाणे अजून अर्धेच वितळले होते आणि मशीन जड आवाजात कण्हत होतं. सासूने पातळ दाण्यांची बादली उचलली आणि सगळी आत रिकामी केली. आटपू दे हिचं कौतुक एकदाचं. थोड्याच वेळात कण्हणं थांबलं आणि पाती लोण्यातून फिरावीत तशी फिरू लागली.

मुलाने येऊन मळलेल्या प्लास्टिकची एक पट्टी ओढून उजेडात धरली. पट्टीभर गाठी होत्या.

"हे कोणी केलं?"

परत आलेल्या सुनेने रिकामी बादली पाहिली, मग सासूकडे पाहिलं. "माझीच घाई झाली."

"असू दे, होतं असं," मुलगा म्हणाला. इतक्या मऊ आवाजात तो आईशी कधी बोलला होता, ते तिला आठवेना. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. कौतुक हिचं, आणि आता चूकही हिचीच?

"तिची कसली घाई? मी ओतलं," सासू म्हणाली. "माझ्या मशीनवर गाठी पाडायच्या तर मीच पाडीन."