वर्षाच्या आतलं ग्राफिक्स कार्ड

उत्तरेश्वर श्रावणात गेले. त्यांच्या दहाव्याला, नदीवरून परत येतानाच, धाकट्या भावाने, म्हणजे दशरथकाकांनी, विषय काढला. पोरीचं लग्न वर्षाच्या आत उरकायला हवं, नाहीतर तीन वर्षं घरात कार्य करता येत नाही. त्यांची बायको मंदाकिनीबाई तेव्हा कशालाच नाही म्हणण्याच्या स्थितीत नव्हत्या, आणि त्यांची मुलगी प्रियदर्शनी हो म्हणण्याच्या. आपल्याकडे मुलगी गप्प राहिली की होकार धरतात. तसाच धरला गेला.

माघात स्थळ ठरलं. मुलगा विक्रम, वाघोलीचा, खराडीला एका कंपनीत कामाला. सुपारी फुटली, वैशाखातली तारीख निघाली. साखरपुडा आता पुढच्या रविवारी होता. विक्रमने काकांना सांगितलं, की अंगठी नको, मी घालत नाही. गेम खेळायला कॉम्प्युटर जुळवतोय, त्याचं ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर तेवढं द्या. काकांना वाटलं, हा लग्नपत्रिकेचाच एखादा नवा प्रकार असेल, आणि ते म्हणाले, शंभरेक पुरतील का?

शेवटी हे काम प्रियदर्शनीकडे आलं. ती सॉफ्टवेअरवालीच, तिला कळतं. शनिवारी दुपारी ती आणि विक्रम बुधवार पेठेत, तपकीर गल्लीतल्या एका दुकानाचा अरुंद जिना चढले. दुकान कसलं, बोळच तो. दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी आणि शेवटी काउंटर. काउंटरमागे मालक, त्यांच्या डोक्यावर पाटी: ‘सील फोडलेला माल परत घेतला जाणार नाही. कारण सांगू नये.’

"बोला," मालक म्हणाले.

विक्रमने मोबाइलमधली यादी वाचून दाखवली. आठ जीबीचं, त्या वेळचं सगळ्यांत वरचं कार्ड, आणि चोवीस इंची साधा मॉनिटर.

"साधा?" प्रियदर्शनीच्या तोंडून गेलं. "हे कार्ड सेकंदाला दीडशे चित्रं काढेल आणि तुझा पडदा दाखवणार साठ. उरलेली काय करायची?"

मालकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "साहेब, ताईंना आधी विचारायचं होतंत. मला बोलायला लावलंच नसतं त्यांनी."

विक्रम हसला. तो मनाने वाईट नव्हता. रस्ता ओलांडताना मागे वळून पाहायचा, भेटला की जेवलीस का म्हणून विचारायचा. त्याच्यात बोट ठेवायला जागा नव्हती, आणि गेले दोन महिने प्रियदर्शनी रात्रंदिवस ती जागाच शोधत होती. एखादी जरी सापडली असती तर आईला सांगता आलं असतं.

मालकांनी काउंटरशेजारचं मशीन चालू केलं. सत्तावीस इंची मॉनिटर, एकशे चव्वेचाळीस हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तेवढी चित्रं दाखवणारा. गाड्यांचा गेम होता.

"बसा, बघा चालवून. फुकट आहे."

विक्रम बसला आणि दुसऱ्याच वळणावर गाडी कठड्यावर घातली. "हात बसायला वेळ लागतो," तो म्हणाला. "तू बस ना. गंमत म्हणून."

ती बसली. सात महिन्यांत तिने गेमला हात लावला नव्हता. इंजिनिअरिंगला असताना घेतलेल्या कॉम्प्युटरवर ती खेळायची तेव्हा उत्तरेश्वर मागे कॉटवर बसलेले असत. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर, आधी बार्शी डेपो, मग स्वारगेट. त्यांना तिचं चालवणं कधी पसंत पडलं नाही. "अगं, वळणाच्या आधी गिअर उतरव. वळणात नाही. मागं पन्नास माणसं बसलीत." गाडीत कुणीच नाही बाबा, रेसची गाडी आहे, असं ती सांगायची. "म्हणून काय झालं?" ते म्हणायचे.

तिने वळणाच्या आधी गिअर उतरवला. पुढच्या वळणाच्याही. रस्ता पडद्यावर इतका सरळ, न अडखळता येत होता की दुकान, खोकी, पाठीशी उभा असलेला माणूस, सगळं मागे पडलं. दोन फेऱ्या झाल्या. पहिली आली हे तिला मालकांच्या आवाजाने कळलं.

"वा! साहेब, गाडी ताईंकडेच द्या."

"तू खेळतेस?" विक्रम म्हणाला. "बोलली नाहीस कधी."

"विचारलं नाहीस."

"अगं, मस्तच की मग! हाच मॉनिटर घेऊ." त्याने खिशातून टेप काढला. घरचं टेबल मोजून आला होता. मॉनिटरची रुंदी घेतली आणि मान हलवली. "मावतोय. पण दुसरं टेबल नाही बसायचं हां बेडरूममध्ये. कपाट आहे."

"मग मी कुठे बसू?"

"तुझा ऑफिसचा लॅपटॉप आहे ना. बाहेर डायनिंगवर बस की. आईपण असते तिथे, तेवढीच सोबत." मग काही आठवून त्याने मालकांना विचारलं, "जुना पीसी एक्सचेंजमध्ये घेता का? हिच्याकडे एक पडून आहे."

"काय वयाचा?"

"दहा वर्षांचा," ती म्हणाली. "पण तो द्यायचा नाहीये."

"अगं, ठेवणार कुठे?"

त्याने सरळ विचारलं होतं, टेप हातात धरून, जागेचा हिशेब करत. भांडावं असं त्यात काहीच नव्हतं. प्रियदर्शनीने मनातल्या मनात त्याच्या घरभर नजर फिरवली. हॉल, कपाट, डायनिंग, गॅलरी. ठेवायला कुठे म्हणून जागा दिसली नाही, त्या कॉम्प्युटरलाही आणि तिलाही.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"झालं का गं? काका विचारतायत. गुरुजी आलेत, बिल आजच्या तारखेचं घे म्हणतात. उद्यापासून दिवस बरे नाहीत."

"बघतोय आई."

"त्याला आवडेल ते घे. तू फार डोकं लावू नकोस."

तिने फोन ठेवला. मालकांनी कार्डाचं खोकं समोर ठेवलं होतं आणि सीलवर कटर टेकवला होता. "चालवून दाखवतो. मग बिल. नाव काय टाकू?"

"फोडू नका," प्रियदर्शनी म्हणाली.

"न फोडता चालतं की नाही ते कसं कळणार, ताई? पत्रिका बघून?"

"चालेल ते. पण आम्ही घेत नाही आहोत."

मालकांनी दोघांकडे पाहिलं, कटर मिटला आणि मागच्या खोक्यांत काहीतरी शोधायला गेले. शोधायला तिथे काही नसावं.

"काय झालं?" विक्रमने हळू आवाजात विचारलं. "टेबलाचं का? कपाट काढू आपण."

"टेबलाचं नाही. मला वैशाखात लग्न करायचं नाही."

"आठ दिवसांवर साखरपुडा आलाय."

"माहितीये."

"मी काही केलं का?"

"काहीच नाही. तू काही केलं असतंस तर मी केव्हाच सांगितलं असतं." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "बाबा गेल्यापासून मी धड रडलेसुद्धा नाहीये, विक्रम. आधी दिवस, मग स्थळं, मग याद्या. वर्षाच्या आत, वर्षाच्या आत. हे वर्ष त्यांचं होतं रे. त्यात मला कुणी बसूच दिलं नाही."

त्याने हातातल्या टेपची पट्टी ओढली आणि आत सोडली. "तीन वर्षं काही मी थांबणार नाही," तो म्हणाला. "घरचे थांबूच देणार नाहीत."

"थांबू नकोस."

"आणि आमच्याकडे कुणी सांगायचं?"

"मी सांगते. तुझ्या आईंना मीच फोन करते."

"ती ऐकून घेईल असं वाटतंय तुला?" तो कोरडं हसला. खालून गल्लीतला गलका वर येत होता. त्याला निघून जाता आलं असतं, पण तो स्टुलावर बसला आणि पडद्यावर उभ्या असलेल्या गाडीकडे पाहत राहिला. "आता माझं मीच घेईन. पण खरं सांग. कुठलं घेऊ?"

तिने खरं सांगितलं. कार्ड एक पायरी खालचं, सहा जीबीचं. मॉनिटर मात्र हाच. पॉवर सप्लाय स्वस्तातला अजिबात नको. त्याने सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

जिन्यात ती एका खोकीवाल्या हमालाला वाट देत भिंतीला टेकून उभी राहिली, तेव्हा फोन पुन्हा वाजला.

"घेतलं का?"

"नाही आई."

"का गं? मिळालं नाही?"

"मिळालं होतं. घरी येऊन सांगते. काका आहेत ना अजून?"

"आहेत ना. चहा ठेवलाय. गुरुजीपण बसलेत."

"बसू देत," प्रियदर्शनी म्हणाली. वर चढणाऱ्यांची रांग संपेना. ती अंग चोरून, एकेक पायरी करत खाली उतरू लागली.