खुर्ची, परत खुर्ची आणि साहेब

खुर्च्यांच्या दुकानाची वेबसाइट करायला घेतलेला डिझायनर हुशार होता, पण आळस अंगात मुरलेला. दुकानाच्या मालकांनी, म्हणजे साहेबांनी, बजावलं होतं, प्रत्येक फोटोमागे त्याचं वर्णन लिहायचं. ज्यांना दिसत नाही त्यांना फोन ते वाचून दाखवतो. काम पसंत पडलं तर कायमची नोकरी, नाहीतर रामराम. आता पडद्यावर न दिसणारी अक्षरं ऐकायला कोण कडमडणार, असा विचार करून पठ्ठ्याने मनाला येईल ते ठोकून दिलं. नंतर बदलू म्हणाला. ते 'नंतर' कधी उजाडतं, हे काय वेगळं सांगायला हवं?

काम दाखवायच्या दिवशी साहेब आईला घेऊन आले. दुकान उघडलं त्याच वर्षी म्हातारीची दृष्टी गेलेली. तिने ऐसपैस बैठक मारली, फोन हातात घेतला आणि सराईतपणे बोट फिरवलं. फोन खणखणीत आवाजात बोलू लागला, "खुर्ची. परत खुर्ची. हीही खुर्चीच, कंटाळा आला."

डिझायनरने घाईने फोनकडे हात पुढे केला. पुढचा फोटो कोणाचा, हे त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

"आमचे साहेब. केसांचा टोप डावीकडे घसरलाय."

साहेबांचा हात आपसूक डोक्याकडे गेला. गेली नोकरी! डिझायनरने मनातल्या मनात बॅग भरायला घेतली.

म्हातारी मात्र खुदकन हसली. लेकाच्या डोक्यावरून हात फिरवते, टोप आहे एवढं हाताला कळतं, म्हणाली. पण तो घसरतो हे आजवर एका मेल्याने सांगितलं नव्हतं. मग तिने डिझायनरला जवळ बोलावलं.

"बाळा, आता नीट बघून सांग. कसा दिसतो हा?"

त्याने तो फोटो पहिल्यांदाच धड पाहिला. साहेब हसतायत, म्हणाला. भुवया अगदी तुमच्यासारख्या, जाड.

"काळ्याभोर?"

"नाही आजी. पांढऱ्या झाल्यात."

 म्हातारीसाठी लेक अजून तरणाताठाच होता. तिने हात लांब करून मुलाच्या भुवया चाचपल्या.

"म्हातारा झालास की रे," ती म्हणाली, "आणि मला कुणी बोललंही नाही."

साहेबांनी टोप काढून टेबलावर ठेवला. फोटो नवा काढायचा, म्हणाले, आणि यापुढे एकही वर्णन आईने ऐकल्याशिवाय लावायचं नाही. म्हणजे नोकरी राहिली! डिझायनरचा जीव भांड्यात पडला आणि तो चहा सांगायला उठला.

म्हातारीने त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं.

"पहिल्या खुर्चीपासून सुरू कर. आणि कंटाळा आला तर तसं तोंडाने सांग."