विसण

करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात आल्मेरे या डच गावातल्या आमच्या घरी संध्याकाळी बातम्या लागत नसत, जपानमधल्या हॉटेलांचे रिव्ह्यू वाचले जात. वाचणारा माझा नवरा अनिमेष, ऐकणाऱ्या माझ्या सासूबाई आणि मी. माझ्या मांडीवर जुई असायची, पण तिला जपान काय आणि जेजुरी काय, सगळं सारखंच होतं.

अनिमेषला जपानचं वेड लग्नाआधीपासूनचं. तिथं गरम पाण्याच्या झऱ्यांच्या काठी जुन्या पद्धतीची मुक्कामाची ठिकाणं असतात. तिथं जायचं, पाण्यात बसायचं आणि चटईवर झोपायचं, एवढी त्याची सुखाची कल्पना. आधी माझ्या बाळंतपणामुळे बेत पुढे गेला आणि मग करोनामुळे रद्दच झाला. दुसरा कुणी असता तर चार दिवस हळहळून गप्प बसला असता. हा पठ्ठ्या तिथं राहून आलेल्यांचे अनुभव वाचत सुटला, तेही मोठ्यानं, मराठी करून. डोंगरातली महागडी ठिकाणं झाली की स्टेशनजवळची स्वस्तातली हॉटेलं, त्यानं कुणालाच सोडलं नाही. ‘खोली स्वच्छ आहे, पण बॅग उघडायची तर माणसाला पलंगावर उभं राहावं लागतं.’ ‘उशीत धान्य भरलंय की काय, रात्रभर कानाशी खसखस.’ ‘आम्ही निघालो तेव्हा मालकीणबाई आमची गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवत उभ्या होत्या.’

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, नंदाताई, हे सगळं ऐकत बसायच्या. हसायच्या नाहीत, विचारायच्या नाहीत, उठूनही जायच्या नाहीत.

त्या फेब्रुवारीत मिरजेहून आल्या होत्या, माझ्या बाळंतपणाला. बाबा आले नाहीत. “तुमच्या त्या गारठ्यात मी काय करू? नात मोठी झाली की तिलाच इकडे पाठवा,” म्हणाले. जुई झाली, आणि लगेचच विमानं बंद पडली. मे महिन्यात एका दुपारी बाबा जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. पुतण्यानं, प्रसन्ननं, सगळं केलं. आम्ही फोनवर जेवढं दिसलं तेवढं पाहिलं. त्यातच त्या आठवड्यात अनिमेषला सणकून ताप होता. डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, घरातल्या घरात वेगळे राहा. तो माळ्यावरच्या खोलीत, मी तान्ह्या जुईला घेऊन मधल्या मजल्यावर आणि आई खाली एकट्या. एका घरात तीन माणसं तीन मजल्यांवर रडली. एकमेकांना धरायचं तर सोडाच, एकमेकांचे चेहरेसुद्धा आम्हाला दिसले नाहीत.

अनिमेष बरा झाला. आईही वरवर बऱ्या होत्या. पोळ्या करत, जुईला तेल लावत, पाळण्याशी बसून गुणगुणत. पण देव्हाऱ्याला हात लावत नव्हत्या. आल्या दिवसापासून संध्याकाळचा दिवा त्यांनी स्वतःकडे घेतला होता, आणि मीही तो आनंदानं देऊन टाकला होता. तेरावं झाल्यावर मी म्हटलं, “आई, दिवा लावताय ना?” त्या म्हणाल्या, “तू लाव.” दुसऱ्या दिवशीही “तू लाव.” पुढे मी विचारायचंही सोडलं. मला वाटायचं, त्या देवावर रागावल्यात. एखाद्या वाईट दिवशी वाटायचं, आमच्यावरच रागावल्यात, इथं बोलावून घेतलं म्हणून.

सप्टेंबरात परतीचं तिकीट मिळालं. अनिमेषनं “अजून राहा” म्हणून हरप्रकारे सांगून पाहिलं, पण त्यांचं ठरलं होतं. मला धास्ती एकाच गोष्टीची होती. या बाई अशाच, विझलेल्या, मिरजेच्या रिकाम्या घरात जाणार, आणि तिथं देव्हाऱ्यासमोर “तू लाव” म्हणायलासुद्धा दुसरं माणूस नसणार. मला त्यांची फार काळजी वाटत होती. आणि खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या, पहिल्यासारख्या, माझ्या फोडणीला नावं ठेवणाऱ्या.

आल्मेरेबद्दल आईंची तक्रार एकच होती, पण ती पहिल्या दिवसापासूनची. इथं आंघोळ होत नाही. “काचेच्या कपाटात उभं राहायचं, वरून पाणी पडतं, अंग ओलं होतं. झालं. याला आंघोळ म्हणायचं?” मी सुपरमार्केटमधून हौसेनं एक बादली आणली, पण ती त्या कपाटात ठेवली की माणूस बाहेर आणि माणूस आत गेलं की बादली बाहेर. शेवटी त्या बादलीत आम्ही कांदे ठेवले.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी अनिमेष कुणा इंग्रज जोडप्याचा अनुभव वाचत होता. ‘गरम पाण्यात उतरण्याआधी बुटक्या लाकडी स्टुलावर बसून, बादलीतलं पाणी छोट्या भांड्यानं अंगावर घेऊन स्वच्छ धुवावं लागतं. आम्हाला हे भलतंच विचित्र वाटलं.’

“यात विचित्र काय?” आई म्हणाल्या.

आम्ही दोघांनीही वर पाहिलं.

“बसून?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“बादलीतनं?”

“हो गं आई.”

“परत वाच बघू.”

अनिमेषनं परत वाचलं. बाबा गेल्यापासून आईंनी आपणहून काही मागितलं ते हे पहिलंच. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचं ऑफिस आर्नहेमला. तिथल्या एका सहकाऱ्यानं त्याला कधीतरी सांगितलं होतं की शहराबाहेर जंगलाच्या कडेला एका जपानी बाईनं तिच्या डच नवऱ्याबरोबर अगदी तिकडच्यासारखं मुक्कामाचं ठिकाण काढलंय. झरा नाही, पाणी बोअरचं आणि ऊब बॉयलरची. पण बाकी सगळं तसंच. आईंच्या विमानाआधीच्या शनिवारी आम्ही गेलो.

मालकीणबाईंचं नाव हारादा. दारातच त्यांनी खोकला, ताप विचारला, हातावर सॅनिटायझर ओतलं आणि चपला काढायला सांगितल्या. चपला बाहेर म्हटल्याबरोबर आईंच्या मनात त्यांच्याबद्दल बरं मत झालेलं मला दिसलं. मग नियम आले. करोनामुळे एका वेळी एकाच घरची माणसं, त्यातही आधी बायका, मग पुरुष. आणि पाण्यात उतरताना अंगावर कपडा चालणार नाही.

शेवटचा नियम मी जरा मऊ करून मराठीत सांगितला.

आई शांतपणे म्हणाल्या, “तिला सांग, मी मिरजेची आहे.”

हे मी कुठल्याच भाषेत सांगितलं नाही. जुईला अनिमेषकडे दिलं आणि आईंना घेऊन आत गेले.

आत सगळं लाकूड. एका भिंतीला गुडघ्याच्या उंचीवर नळ, त्यांच्यापुढे बुटके स्टूल, लाकडी बादल्या, दांड्याची लाकडी भांडी. दुसऱ्या बाजूला दगडी हौद, वाफाळलेला, आणि त्यामागे मोठी खिडकी, तिच्यातून दिसणारी बर्चची झाडं. अनिमेषनं इतकी वर्षं ज्याचं स्वप्न पाहिलं होतं ते हेच. आईंनी हौदाकडे बघितलंसुद्धा नाही. परकर छातीवर बांधून त्या थेट नळांपाशी गेल्या, एक स्टूल उचलून उलटा केला, खालून वरून पाहिला, पाणी मारून धुतला आणि त्यावर बसल्या.

“आई, हे नुसतं आधी धुण्यापुरतं असतं. मग परकर काढून तिकडे बसायचं.”

“मी नाही उतरत तिकडे. दुसऱ्यांच्या अंगाचं पाणी ते.”

“अहो, सगळे धुऊनच उतरतात!”

“धुतल्यावर आंघोळ झाली की. मग आणि कशाला बसायचं? तू बस जा.”

माझं डोकंच फिरलं. जुईचं दूध काढून ठेवा, तिचे कपडे भरा, भर पावसात हायवेनं इतक्या लांब या, आणि कशासाठी, तर स्टुलावर बसायला. लग्नाला जाऊन नुसते हात धुऊन परत येण्यातला प्रकार. “मग घरीच एखादा पाट घेतला असता,” मी पुटपुटले. 

त्यांनी गरम नळ सोडला. बादली अर्धी भरली. मग गार नळ थोडा सोडून त्या विसण घालायला लागल्या. हात बुडवायचा, ढवळायचं, थोडं गार, पुन्हा हात, आणखी चमचाभर गार. आमच्या घरच्या नळाला आकडे आहेत. अडतिसावर काटा ठेवला की हाताला काही कामच उरत नाही. इथं त्यांचा हात कामाला लागला होता. मी हौदाकडे निघाले होते, ती तशीच थांबून बघत राहिले. एवढ्या महिन्यांत त्यांना इतकं मन लावून काही करताना मी पाहिलं नव्हतं.

पाणी मनासारखं झालं. त्यांनी भांडं उचललं, भरलं, आणि तसंच परत बादलीत ठेवलं.

“संहिता.”

“काय आई?”

“डोक्यावरून घालतेस?”

मला वाटलं, केस धुवायचेत, खांदा दुखत असेल. मी मागे जाऊन उभी राहिले, त्यांचा अंबाडा सोडला आणि पहिलं भांडं ओतलं. पाणी केसांतून, पाठीवरून, परकरावरून लाकडी जमिनीवर गेलं. दुसरं ओतलं. तिसऱ्याला त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, कढत झालं. “आई, भाजलं का?” म्हणून मी पुढे वाकले, तर त्या रडत होत्या. आधी नुसत्याच, मग आवाज करून. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. मे महिन्यातसुद्धा नाही, कारण तेव्हा मी वरच्या मजल्यावर दार लावून होते.

“थांबू नको, घाल,” त्या म्हणाल्या.

मी घालत राहिले. बादली संपली, दुसरी भरली, मीच विसण घातलं, त्यांनी हात बुडवून “अजून थोडं” सांगितलं, मी थोडं घातलं.

“त्या दिवशी कुणी घातलंच नाही गं,” शेवटी त्या बोलल्या. “घरातल्या बाईनं घालायचं असतं आमच्यात. हे गेले, प्रसन्नचा फोन आला, सगळं झालं म्हणाला. मी गेले त्या कपाटात, उभी राहिले नळाखाली. बटण दाबलं. पाणी आलं, पाणी गेलं. तेराव्याला पण तसंच. मला वाटलं, ही काय आंघोळ झाली? सुतक फिटलंच नाही माझं. मग दिव्याला हात कसा लावू?”

“एवढंच होतं होय आई? मला का नाही बोललात?”

“तू ओली बाळंतीण. तो तापानं फणफणलेला. तुम्हाला काय सांगू, खाली या आणि माझ्या डोक्यावर पाणी घाला म्हणून?” त्यांनी ओल्या हातानं नाक पुसलं. “आणि नंतर कुठं बसणार होते मी? बादलीत तर कांदे.”

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही मी लपवलं नाही. मी त्यांच्यामागे ओल्या जमिनीवरच बसले. पाठीमागून त्यांना धरलं. त्या माझ्या हातावर थोपटत राहिल्या, जसं जुईला थोपटतात तसं. त्यांच्या केसांना त्या लाकडाचा वास येत होता.

हौदात आम्ही दोघीही उतरलो नाही. हारादाबाईंनी वेळ संपल्याचं सांगायला दार वाजवलं आणि आत डोकावल्या, तेव्हा हौदाचा कोरडा काठ, ओल्या चिंब दोघी आणि परकर असा सगळा देखावा त्यांना दिसला. त्यांनी एकदा आईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दोन मोठे टॉवेल आणून ठेवले आणि दार हळूच लावून घेतलं.

नंतर अनिमेष गेला आणि एकटाच त्या हौदात मनसोक्त बसून, टोमॅटोसारखा लाल होऊन आला. आम्ही चटईवर बसून जेवलो, चटईवरच झोपलो. उशीतून खरंच खसखस येत होती. सकाळी निघालो तेव्हा हारादाबाई रस्त्यापर्यंत आल्या. आमची गाडी वळेपर्यंत आई मागच्या काचेतून बघत होत्या. “हलवतेय हो अजून हात,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनीही हात हलवला.

संध्याकाळी आल्मेरेत मी जुईला भरवत होते. देव्हाऱ्यापाशी काड्यापेटीचा आवाज झाला. मी मान वळवली नाही. अनिमेषनं वळवली, आणि त्याचे डोळे भरून आलेले मला दिसले. आई दिवा लावून, हात जोडून, थोडा वेळ तिथंच उभ्या राहिल्या. मग येऊन रोजच्या जागी बसल्या.

“आज काय वाचणार?” त्यांनी विचारलं.

“आज लिहायचंय,” अनिमेष म्हणाला. “त्यांनी रिव्ह्यू मागितलाय. तू सांग आई, मी इंग्रजीत करतो.”

आईंनी विचार केला. इतके महिने लोकांचं ऐकलेलं होतं. कसं लिहितात ते त्यांना नीट ठाऊक होतं.

“लिही,” त्या म्हणाल्या. “जागा स्वच्छ. चपला बाहेर काढाव्या लागतात, ते चांगलं. उशी वाजते. पाणी भरपूर, विसण आपल्याला हवं तसं घालता येतं.” मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “आणि पाणी घालायला घरचं माणूस बरोबर न्यावं.”