ओलं वार्निश

मिस्त्रींचं मोटर वाइंडिंगचं दुकान दोन खणांचं होतं. पुढच्या खणात गिऱ्हाईक आणि मागच्या खणात भट्टी. जळालेली मोटर आली की आतली करपलेली तार उपटून काढायची, तार लोखंडाला टेकू नये म्हणून खाचांमध्ये कोरा कागद बसवायचा, त्यावर नवी तांब्याची तार भरायची, सगळं वार्निशात बुडवायचं आणि भट्टीत चार तास भाजायचं. चार म्हणजे चार. वार्निश आतून ओलं राहिलं, की मोटर पुन्हा जळणार. साडेतीन तासांवर भट्टी उघडणाऱ्याला मिस्त्री असं बघायचे, की त्याने जणू कुणाच्या ऑपरेशनच्या मध्येच दार उघडलंय.

माणूस हाताने निर्मळ, पण तोंडाने तिखट. राग नाकाच्या शेंड्यावर. ते त्यांनाही ठाऊक होतं. रोज संध्याकाळी जेवणाआधी चौघं प्रार्थनेला बसायची. सगळ्यांसाठी मागून झालं की मिस्त्री शेवटी स्वतःसाठी एकच मागणं मागायचे, "प्रभू, माझ्या जिभेला आवर घाल." दोन्ही मुलं डोळे मिटून गालातल्या गालात हसायची. आईने एकदा थोरल्याच्या मांडीला चिमटा काढून बजावलं होतं, "हसतोस काय? तुझे पप्पा रोज मागतात. तू निदान एकदा तरी मागून बघ."

थोरला तेव्हा अठराचा. कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून सुट्टीत दुकानात बसायचा. धाकटा चौदाचा. कागद कापून खाचांत बसवायचं काम त्याचं, कारण त्याची बोटं बारीक होती. तिसरा माणूस म्हणजे भिंगकाका. वीस वर्षं तार भरून भरून त्यांच्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड झाल्या होत्या, त्यावरून हे नाव.

त्या शनिवारी वृद्धाश्रमाच्या पाण्याच्या पंपाची मोटर भट्टीत होती. भिंगकाका अर्ध्या दिवसाने घरी गेले, धाकटा चर्चमध्ये गाण्यांच्या सरावाला गेला आणि मिस्त्री एका कारखान्यात पंखे बसवायला. थोरल्याने दोन वाजता भट्टी सुरू केली. साडेतीनला मैदानावर मॅच होती, आणि गोलकीपर तोच. त्याने भट्टी बंद केली, मोटर बाहेर काढून ठेवली आणि वार्निशला बोट लावून पाहिलं. वरून खडखडीत. मग काय! साडेपाचला तो परत आला, घाम पुसला आणि फळ्यावर खडूने लिहिलं, 'भट्टी: दोन ते सहा.'

सव्वासहाला मिस्त्री आले. त्यांनी फळा वाचला, मोटर गाडीत घातली आणि तशीच नेऊन आश्रमात बसवली. पाणी चढलं. थोरला घरी आरामात जेवला.

सोमवारी दुकान उघडतंय तोच आश्रमाच्या व्यवस्थापक बाई दारात उभ्या. मोटर काल दुपारी जळाली होती. खालची टाकी काठोकाठ भरलेली, पण वरच्या तिन्ही मजल्यांवर थेंब नाही. बाईंनी रिक्षातून मोटरही आणली होती. मिस्त्रींनी झाकण काढलं. वरवरची तार सगळी कोळसा. एका खाचेतून कागदाचं जळकं टोक बाहेर आलेलं दिसलं, आणि मिस्त्रींचा पारा चढला.

"कागद बसवायचं एक काम दिलंय तुला," ते धाकट्यावर गरजले. "एकच. तेही धड होत नाही? सत्तर म्हातारी माणसं कालपासून पाण्याविना बसलीत तुझ्या धांदरटपणामुळे."

"पप्पा, मी नीट बसवला होता. काकांनीही पाहिला होता."

"उलट बोलू नकोस. मागे जा."

दुकानात तेव्हा व्यवस्थापक बाई होत्या, भिंगकाका होते, आणि एक गृहस्थ टेबलपंखा काखेत मारून आले होते. तिघंही जमिनीकडे बघत राहिली. धाकट्याचे कान लाल झाले. तो मागच्या खणात जाऊन स्क्रूंच्या डब्याशी बसला.

थोरला पुढेच उभा होता. कागदही फाटला असेल, कुणी सांगावं, अशी त्याने मनाची समजूत घातली. ती त्याला स्वतःलाच पटली नाही, पण तोंडही उघडलं नाही.

मिस्त्री छिन्नी-हातोडा घेऊन जळकी तार काढायला बसले. पाऊणएक तास ठकठक चालली होती. ती एकाएकी थांबली. त्यांनी तारेचा एक जुडगा नाकाशी नेला, अंगठ्याने दाबला. मग एकेका खाचेतला कागद चिमट्याने ओढून काढत ते टेबलावर ओळीने मांडू लागले. सगळे मांडून झाल्यावर त्यांनी मान वर करून फळ्याकडे पाहिलं. शनिवारचं लिहिलेलं अजून तसंच होतं. थोरल्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

पंखेवाले गृहस्थ पावती खिशात घालून पायरी उतरत होते.

"साहेब, दोन मिनिटं थांबता का?" मिस्त्री म्हणाले. "बाई, तुम्हीही. सकाळी होती तेवढी सगळी माणसं मला इथे हवीत."

त्यांनी धाकट्याला हाक मारली. तो दबकत आला. मिस्त्रींनी स्टूल ओढून त्यावर बसकण मारली, म्हणजे दोघांची तोंडं समोरासमोर आली.

"मी सकाळी तुला या सगळ्यांसमोर बोललो," ते म्हणाले. "चूक तुझी नव्हती. चोवीस खाचा आहेत, चोवीसही कागद जागेवर आहेत. एक टोक जळलं ते मोटर पेटल्यामुळे. मी उघडून न बघता बोललो, आणि तू सांगत होतास ते ऐकलंही नाही. मला क्षमा कर."

धाकटा गोंधळून गेला. चप्पल जमिनीवर घासत म्हणाला, "जाऊ द्या ना, पप्पा."

"जाऊ द्या नाही. करतोस की नाही ते सांग."

"केली."

"बरं." मिस्त्रींनी मान डोलावली.

पंखेवाल्यांना राहवेना. "मिस्त्री, पोराची माफी कोण मागतं? उद्या डोक्यावर बसेल तो."

"मी सकाळपासून त्याच्या डोक्यावर बसलोय," मिस्त्री म्हणाले. "थोडा वेळ त्यालाही बसू द्या."

थोरल्याने आपल्या बापाला आजवर कुणापुढे वाकताना पाहिलं नव्हतं. बिल बुडवणाऱ्यापुढे नाही, दमदाटी करणाऱ्यापुढेही नाही. तो माणूस आज चौदा वर्षांच्या पोरापुढे हात जोडल्यासारखा बसला होता, आणि तरीही लहान दिसत नव्हता. उलट त्या दुकानात तोच एक ताठ बसलेला वाटत होता. थोरल्याला भिंतीला टेकून उभं राहणं अशक्य झालं.

"पप्पा," तो म्हणाला, "भट्टी चार तास नव्हती. दीडच तास होती. मी मॅचला गेलो."

"फळ्यावर सहा लिहिलंय."

"खोटं लिहिलं."

मिस्त्रींनी डोळे मिटले. जबड्याची हाडं हलताना सगळ्यांना दिसली. भिंगकाकांनी सवयीने हातातला सोल्डरिंगचा दिवा बाजूला ठेवला, कारण आता तोफ उडणार हे त्यांना ठाऊक होतं. तोफ उडाली नाही.

"मला सांगितलंस," मिस्त्री डोळे उघडून म्हणाले. "पाणी यांचं गेलंय. यांनाही सांग."

थोरल्याने व्यवस्थापक बाईंकडे वळून पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं. बाई काही मऊ स्वभावाच्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. पण तुझ्या सांगण्याने पाणी तिसऱ्या मजल्यावर चढणार आहे का?"

"नाही," मिस्त्रीच म्हणाले. "मोटरीला दोन दिवस लागतील आणि त्या मापाची बदली माझ्याकडे नाही. तोवर आम्ही चढवू."

"मी एकटा चढवतो," थोरला म्हणाला. "चूक माझी आहे."

"आणि मोटर माझ्या दुकानातून गेली. हात लावून बघायला मलाही वेळ होता. चल, बादल्या घे."

आश्रमाचा जिना अरुंद होता आणि पायऱ्या उंच. टाकीतून बादली काढायची, दोन हातांत दोन घ्यायच्या, एकावन्न पायऱ्या चढायच्या आणि मजल्यावरच्या पिंपात ओतायच्या. पहिल्या तासात थोरल्याला वाटलं, हे काहीच नाही. दुसऱ्या तासाला तळहाताची सालं निघाली. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहत होत्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणायचे. त्यांनी बादलीत वाकून पाहिलं.

"अर्धी कशी?"

"जिन्यात सांडली, बाई."

"मग जिनाही पूस. इथे गुडघे बदललेली माणसं राहतात."

त्याने जिना पुसला. पुसताना खालून मिस्त्री वर येताना दिसले. बावन्न वर्षांचा माणूस, डावा गुडघा दुखरा, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत येत होता. बादल्यांतलं पाणी मात्र हलत नव्हतं.

"पप्पा, तुम्ही बसा ना."

"बसतो, पाच मिनिटं." ते पायरीवर टेकले. थोरलाही एक पायरी खाली टेकला. बराच वेळ दोघंही धापा टाकत होते.

"तुम्हाला आधीच कळलं होतं," थोरला म्हणाला.

"तार दाबली तेव्हा. आत वार्निश ओलं होतं, बोटाला लागलं."

"मग मला का नाही बोललात?"

मिस्त्रींनी बनियनच्या टोकाने तोंड पुसलं. "एका पोराला न विचारता बोललो होतो, त्याचं निस्तरायचं होतं आधी. आणि खरं सांगू? तू आपणहून बोलतोस का, ते बघायचं होतं."

"नसतो बोललो तर?"

"संध्याकाळी विचारलं असतं. ओरडून." ते किंचित हसले. मग गंभीर झाले. "माझ्या बापाने आयुष्यात कधी चूक कबूल केली नाही. चांगला होता, मेहनती होता. पण घरात चूक झाली की ती कुणाची तरी असायचीच, आणि त्याची कधीच नसायची. मी लहानपणी ठरवलं, आपण असं व्हायचं नाही. ठरवणं सोपं असतं. जमायला अजून प्रभूची मनधरणी करतोय." त्यांनी गुडघ्यावर हात देऊन उठायचा प्रयत्न केला. "चल. मोठ्या बाई वरून बघतायत."

खरंच बघत होत्या.

दोन्ही दिवस सकाळी पाणी आणि दुपारी दुकान, असं चाललं. मोटर थोरल्याने स्वतः भरली. भिंगकाका शेजारी बसले होते, पण त्यांनी तारेला हात लावला नाही. कागद मात्र धाकट्यानेच बसवले. तो भावाशी एक अक्षर बोलत नव्हता. सोमवारी संध्याकाळीच थोरल्याने मिस्त्री आणि भिंगकाकांसमोर त्याची क्षमा मागितली होती. धाकट्याने विचारलं होतं, "पप्पा मला ओरडत होते तेव्हा तू तिथेच होतास ना?"

"होतो."

"आणि गप्प बसलास."

"हो. घाबरलो."

"मग मी आत्ता क्षमा करत नाही," धाकटा म्हणाला होता. "अजून राग आहे." थोरला आशेने बापाकडे वळला, तर मिस्त्री म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. मागणं तुझं काम, देणं त्याचं. घाई करू नकोस."

मंगळवारी दुपारी एक वाजता मोटर भट्टीत गेली. थोरल्याने फळ्यावर फक्त 'एक ते' लिहिलं आणि पुढची जागा मोकळी सोडली. मग खुर्ची ओढून तो भट्टीसमोर बसला. उकाड्याने जीव नकोसा होत होता. तासाभराने धाकटा आला, जमिनीवर बसला आणि उरलेल्या कागदाच्या पट्ट्या कापू लागला. त्या पट्ट्यांची कुणालाच गरज नव्हती. आणखी दीड तास गेला.

"मॅच जिंकलात का तरी?" धाकट्याने मान वर न करता विचारलं.

"हरलो. चार-शून्य."

"चारही तुझ्या अंगावरून गेले?"

"एक पायांमधून गेला."

धाकट्याने ओठ दाबून धरले, पण हसू फुटलंच. मग थोरलाही हसला. पुढच्या खणातून मिस्त्रींनी एकदा डोकावून पाहिलं आणि काही न विचारता पुन्हा कामाला लागले. पाचला भट्टी बंद झाली. थोरल्याने फळ्यावर 'पाच' लिहिलं.

बुधवारी सकाळी मोटर त्यानेच बसवली. मिस्त्री बाजूला उभे राहून फक्त बघत होते. बटण दाबलं, पंप घरघरला, आणि थोडा वेळ काहीच झालं नाही. मग वरून कुणीतरी ओरडून सांगितलं, नळाला पाणी आलं. थोरला एकावन्न पायऱ्या धावत चढला. मोठ्या बाई नळाशी उभ्या होत्या. ओंजळ भरून त्यांनी तोंड धुतलं आणि पदराने सावकाश टिपलं.

"जाळली ती तूच ना?"

"हो, बाई."

"आणि दुरुस्तही तूच केलीस?"

"हो."

"खाली उभे आहेत ते तुझे वडील?"

"हो," थोरला म्हणाला. आत्तापर्यंतच्या तीन उत्तरांत हेच त्याने मान वर करून दिलं.

"त्यांना वर बोलाव," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण सावकाश यायला सांग. चहा टाकते."