दसऱ्याला पुजलेली स्टेशन वॅगन

मित्रांनो, मी एक लांबलचक अमेरिकन स्टेशन वॅगन आहे. फक्त अमेरिका मी पाहिलेली नाही, आणि लांबी म्हणाल तर तुमच्या वितीएवढीही नाही. जुन्या काळच्या खऱ्या गाडीचं मी छोटं, हुबेहूब रूप. एका कारखान्यात ओतीव धातूतून माझा जन्म झाला. माझी दारं उघडतात, आणि दोन्ही अंगांना लाकडासारखी दिसणारी तपकिरी पट्टी आहे. त्या पट्टीचा मला फार तोरा होता. जाणकार माणूस आधी तीच बघतो.

भारतनं मला नांदेडला आणलं. तो विष्णुपुरीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरी करतो. माझ्या बिरादरीतल्या गाड्यांची त्याच्याकडे रांगच आहे. लहानपणी जळकोटहून जत्रेला जाताना तो जीपच्या मागं लोंबकळत जाई. तेव्हाच कधीतरी रद्दीतल्या मासिकात त्यानं आमचं चित्र पाहिलं. या गाडीत आपलं सगळं घर बसेल आणि वर पाय पसरायला जागा उरेल, असं त्याच्या मनानं घेतलं ते घेतलंच. मऊ ब्रशनं तो मला पुसायचा, ऊन लागू द्यायचा नाही. काचेच्या कपाटात मी सुखात होते.

गेल्या वर्षी वडील वारले, तेव्हा भारतनं आईला, कावेरीबाईंना, कायमचं इकडं आणलं. इथं शेत नाही, गोठा नाही. त्यांचे हात काम शोधत राहायचे.

दसरा आला. भारत आदल्या दिवशीच मोटारसायकल घेऊन किनवटला गेला होता, बायकोला, बबिताला, माहेराहून आणायला. कावेरीबाईंनी विळा, पाटा, अगदी मिक्सरसुद्धा पूजेला मांडला. मग दारात जाऊन थांबल्या. पुजायला एकही वाहन नव्हतं. त्या परत आल्या आणि त्यांनी कपाट उघडलं.

मला उलटसुलट न्याहाळून त्या स्वतःशीच म्हणाल्या, "लेकराला येळच न्हाई. किती गंज चढून राहिला हिला."

माझी पट्टी त्यांना गंज वाटली होती! चिंच आणि राख घेऊन, देवाची तांब्याची भांडी घासावीत तसं त्यांनी मला मन लावून घासलं. पट्टी गेली. मग हळद-कुंकू, झेंडूची माळ. चाकाखाली लिंबू ठेवून मला पुढं ढकललं, कारण रिवाजच तसा. लिंबाला काही झालं नाही, माझा ॲक्सल मात्र वाकला. तरी खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावरून इतक्या मायेनं कुणी हात फिरवला नव्हता.

संध्याकाळी भारत आणि बबिता सोनं घेऊन आले. कावेरीबाई मला ओंजळीत धरून कौतुकानं पुढं झाल्या. भारतचा चेहरा पडला. त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"आई, ह्या घरातल्या कशालाच हात लावत जाऊ नको."

बबिता मध्ये पडली, पण तो तोवर आत निघून गेला होता.

कावेरीबाईंनी लेकाचं म्हणणं अक्षरशः पाळलं. दुसऱ्या दिवशी त्या गॅसपाशी गेल्या नाहीत. देवापुढची वात सरकवायलासुद्धा सुनेला हाक मारू लागल्या. माठातलं पाणी हवं असलं तरी विचारायच्या, "घेऊ का गं?" बबिताचे डोळे भरून यायचे.

भारतला चूक कळली होती, पण आईजवळ ती बोलून दाखवणं त्याला जमेना. त्यानं मलाच दुरुस्त केलं. नवी पट्टी मागवून चिकटवली, ॲक्सल सरळ केला. मग एका दुपारी मला आणि ब्रशला घेऊन तो आईपुढं बसला.

"आई, तूच पूस हिला," तो म्हणाला.

कावेरीबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"ओले हायत रे हात."

मी त्यांचे हात बघितले होते. ते कोरडे होते. भारतनंही बघितले होते. त्यानं ब्रश खिशात घातला आणि मला परत कपाटात नेऊन ठेवलं.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जरूर जपा, ओरखडा आमच्याही जिवाला लागतो. पण माझी पट्टी नवी मिळाली आणि मी पुन्हा पूर्वीसारखी झाले. आमच्यापायी घरच्या माणसाला 'हात लावू नको' असं कधी म्हणू नका. मी पुन्हा कपाटात आहे, झकास दिसते. कावेरीबाई अजून विचारून पाणी पितात.