वार धुताना

एल आल्तो शहरात, चार हजार मीटर उंचीवर, आसुंता तार्कीची पाच बाळंतपणं झाली होती. शेवटच्या वेळी तर कळा सुरू होईपर्यंत ती बाजारात बटाटे विकत बसली होती. त्यामुळे सून यानिरा दोन जिने चढून धापा टाकायला लागली, की आसुंताच्या कपाळाला आठ्या पडत. यानिरा खालच्या सखल मुलखातली, बेनी नदीकाठची. मुलगा ट्रक घेऊन तिकडे जायचा, तो एकदा तिच्याशी लग्न करूनच परतला.

"पोर पोटात आहे सूनबाई, डोक्यावर नाही," आसुंता म्हणायची. दम लागतो, आई, एवढंच यानिरा सांगायची.

सातव्या महिन्यात यानिराचे पाय सुजले. डॉक्टर म्हणाले, बीपी वाढलंय, बाळ वाढत नाहीये, दर आठवड्याला तपासायला या. जमलं तर थोडं खाली जाऊन राहा, असंही सुचवलं. माहेरी पळायचे बहाणे, असं म्हणून आसुंताने तो विषयच संपवला.

आठव्या महिन्यात एका सकाळी यानिरा डोकं धरून बसली. डोळ्यांपुढे काजवे चमकतायत म्हणाली. तिचा सुजलेला चेहरा पाहून आसुंता चरकली आणि तिला टॅक्सीत घालून इस्पितळात घेऊन गेली. तासाभरात ऑपरेशन झालं. मुलगी झाली, जेमतेम दीड किलोची. तिला काचेच्या पेटीत ठेवलं.

एल्विरा नावाच्या नर्सने रिवाजाप्रमाणे बाळामागची वार टोपल्यात घालून आसुंताच्या हाती दिली. तपासणीसाठी नखाएवढा तुकडा मिळेल का, असं विचारलं. आसुंता साफ नाही म्हणाली. वार अख्खी पुरायची असते, नाहीतर आई आजारी पडते.

ती नळाखाली वार धुवायला बसली. बहिणींची, जावांची अशी कितीतरी वेळा तिने वार धुतली होती. जड, मऊ, गडद लाल. ही हलकी लागली. पाणी निवळत गेलं तशा बोटांना मधेमधे घट्ट, फिकट गाठी लागायला लागल्या. तिचे हात थांबले.

"हे असं का?" तिने विचारलं.

एल्विरा शेजारी उकिडवी बसली. "बाळ आत श्वास घेतं ते हिच्यातून, मावशी. इथल्या हवेत प्राणवायू कमी. आपल्या बायका पिढ्यानपिढ्या इथल्या, आपल्या अंगाला सवय आहे. तिच्या नाही. वारेला रक्त पुरलं नाही, की तेवढा भाग मरतो. खाली राहूनही हे होतं कुणाकुणाला. पण इथे जास्त."

"म्हणजे ती नाटक करत नव्हती."

"नाही, मावशी."

आसुंताने नळ बंद केला. मग टोपलं एल्विरापुढे सरकवून म्हणाली, "घे तुकडा. पण काम झालं की परत दे. मी तो बाकीच्याजवळ पुरेन."

संध्याकाळी यानिराला शुद्ध आली. आसुंताने तिच्या ओठांना ओला कापूस लावला.

"तुला खरंच दम लागत होता," ती म्हणाली.

"सांगत तर होते, आई."

आसुंता तिचे पाय दाबत बसली.

सव्विसाव्या दिवशी मुलगी घरी आली. पुढच्या खेपेला यानिराला पहिल्याच महिन्यात खाली नेऊन सोड, असं आसुंताने मुलाला बजावलं. यानिरा म्हणाली, पुढच्या खेपेचं नाव आत्ता कुणी काढू नका.